रिपोर्टवर 'कॅन्सरचा संशय' आहे, निदान पक्कं नाही: मधल्या आठवड्यांत काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

ठाण्यातल्या किंवा वाशीतल्या एखाद्या सेंटरचा सोनोग्राफी रिपोर्ट हातात पडतो. गाठ आहे असं लिहिलेलं असतं, कसली ते लिहिलेलं नसतं, आणि खाली 'क्लिनिकल कोरिलेशन ॲडव्हाइज्ड' (म्हणजे डॉक्टरांनी रुग्णाला तपासून याच्याशी ताडून बघावं) असा शेरा असतो. इथून पुढे लोक दोन टोकांनी चुकतात. काही जण दुसऱ्याच दिवशी पहाटेची लोकल पकडून परळचं टाटा हॉस्पिटल गाठतात आणि खिडकीवर गेल्यावर कळतं की सीडी घरी राहिली, स्लाइड (नमुन्याची काच) लॅबमध्ये आहे, डॉक्टरांची चिठ्ठी तर घेतलीच नव्हती. बाकीचे 'आधी पंधरा दिवस गोळ्या घेऊन बघू' म्हणतात आणि गणपतीत लागलेली गाठ संक्रांतीलाही तशीच असते.

हा लेख संशय येण्यापासून निदान पक्कं होईपर्यंतचाच आहे. केमो, ऑपरेशन, रेडिएशन यातलं काही इथे नाही. सगळं वाचायला वेळ नसेल तर टप्पा ५ तरी वाचा, कारण पुन्हा दुरुस्त न होणाऱ्या चुका तिथेच होतात.

एक वही करा आणि प्रत्येक तपासणीआधी त्यात चार ओळी लिहा: ही तपासणी कोणत्या प्रश्नाचं उत्तर देणार, रिपोर्ट कधी मिळणार, तो कोणते डॉक्टर बघणार, आणि त्यांची पुढची तारीख कोणती. चौथी ओळ कोरी असेल तर केबिनमधून उठू नका.

सावध: काही त्रास तारखेची वाट बघत नाहीत. दम लागून बोलता न येणं, थांबत नसलेला रक्तस्राव, पहिल्यांदाच आलेली फिट, चेहरा आणि मान अचानक सुजणं, पाठदुखीबरोबर पायांतली ताकद जाणं किंवा लघवी अडणं. यातलं काहीही झालं तर ओपीडीचा नंबर विसरा आणि जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

## टप्पा १: फाइल कुणाकडे, बातमी कुणाला

फाइल घरातल्या एकाच माणसाकडे असू द्या. रुग्णाला जमत असेल तर त्याच्याचकडे. तीन मुलांकडे तीन वेगवेगळ्या झेरॉक्स असल्या की मूळ रिपोर्ट कुणाकडेच सापडत नाही. कागद तारखेनुसार लावा, सगळ्यात नवीन वर. फोनमध्ये प्रत्येक रिपोर्टचा नीट फोटो ठेवा. लॅबने पीडीएफ पाठवली असेल तर तिला तारीख आणि तपासणीचं नाव देऊन जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर ती चार दिवसांत शुभेच्छांच्या फोटोंखाली गाडली जाते.

"बाबांना काही सांगू नका हं," असं केबिनच्या दारात कुजबुजायची आपल्याकडे पद्धत आहे. हेतू चांगला असतो, पण काम बिघडतं. कशाची तपासणी चालली आहे हेच माहीत नसलेला माणूस, शौचाला दोनदा रक्त पडलं होतं हे सांगत नाही. त्याच्या लेखी ती मूळव्याध असते. शिवाय बायोप्सीच्या (तुकडा काढून तपासण्याच्या) संमतीपत्रावर सही त्याचीच लागते. त्यापेक्षा त्यालाच विचारा: "रिपोर्ट आला की सगळं तुम्हाला सांगायचं, की आधी ताईला?" काही वडीलधारे म्हणतात, "तूच बघ गं, मला फक्त काय करायचं ते सांग." तेही ठीक आहे. निवड त्यांनी केली, एवढं महत्त्वाचं.

नातेवाइकांना खबर एकानेच द्यायची, तीही रिपोर्ट आल्यावर. नाहीतर डोंबिवलीच्या मावशी काढ्याची बाटली घेऊन येतात आणि पुण्याचे काका 'त्या अमक्याला बायोप्सीनेच पसरला' हे ऐकवतात.

## टप्पा २: डॉक्टरांसाठी एक पान

ओपीडीत डॉक्टरांकडे मिनिटं थोडी असतात. त्यातली निम्मी 'कधीपासून?' या प्रश्नाची उत्तरं जुळवण्यात जातात. म्हणून घरूनच एक पान लिहून न्या. एकच, दोन झाली तर कुणी वाचत नाही.

त्यावर हे असावं:

- पहिलं लक्षण काय होतं आणि साधारण कधी, मग काय वाढलं. 'बरेच दिवस' नको. 'श्रावणात, नागपंचमीच्या सुमारास' चालेल.
- वजन किती होतं, आता किती आहे. सैल झालेली पँट हा पुरावाच आहे, तो सांगा.
- सध्याची सगळी औषधं, डोससकट. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या (इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन वगैरे) आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन यांच्याखाली रेघ मारा. आयुर्वेदिक, होमिओपॅथी, काढे हेही लिहा.
- कशाची ॲलर्जी आहे का, आणि आधी कधी सीटीच्या इंजेक्शनने त्रास झाला होता का.
- पूर्वी टीबी झाला होता का, एकेटीचा (टीबीच्या गोळ्यांचा) कोर्स घेतला होता का, तो पूर्ण केला का.
- तंबाखू, गुटखा, मिश्री, विडी-सिगारेट, दारू: किती आणि किती वर्षं. इथे कमी करून सांगितलं तर फसवणूक स्वतःचीच होते. बायकांच्या मिश्रीबद्दल घरातले बोलत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितोय.
- घराण्यात कुणाला कोणता कॅन्सर, कितव्या वर्षी. 'आत्याला होता' एवढ्याने भागत नाही. आत्याला स्तनाचा, चाळिशीत, असं हवं.

आता जुने कागद शोधा. हे काम लोक टाळतात, पण त्याचा उपयोग फार मोठा. फुप्फुसात एक छोटा डाग दिसला आणि तोच डाग कित्येक वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तेवढाच असेल, तर डॉक्टरांचा विचारच बदलतो. ठाणे-बेलापूर रोडच्या कंपनीत नोकरी केली असेल तर वार्षिक मेडिकलमधले छातीचे एक्स-रे कदाचित मिळतील. जुन्या ऑपरेशनचा डिस्चार्ज पेपर आणि त्या वेळचा पॅथॉलॉजी रिपोर्टही शोधा. 'साधी गाठ म्हणून काढली होती, रिपोर्ट आणायला गेलोच नाही' ही घरोघरची गोष्ट आहे.

तपासा: आधार कार्ड, रेशन कार्ड आणि रिपोर्ट या सगळ्यांवर नाव एकसारखं आहे का? एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं, तिसऱ्यावर नुसतं 'सुनीता एस.' असेल तर योजनेच्या खिडकीवर आणि स्लाइड जमा करताना अडकायला होतं. पुढच्या प्रत्येक तपासणीला आधारवरचंच नाव द्या.

## टप्पा ३: कोणत्या डॉक्टरांकडे जायचं

फॅमिली डॉक्टरांना वगळून पुढे जाऊ नका. त्यांच्याकडून चिठ्ठी घ्या: काय आढळलं, काय औषध दिलं, कशाचा संशय आहे. मात्र तोंडातला छाला, बसलेला आवाज किंवा गाठ दोन-तीन आठवड्यांत जात नसेल, तर तिसऱ्यांदा अँटिबायोटिक किंवा जेल बदलून घेऊ नका. स्पष्ट विचारा: "डॉक्टर, आता याचा तुकडा तपासायची वेळ आली आहे का?"

निदानाच्या टप्प्यावर केमोचे डॉक्टर गाठण्याची घाई नको. आधी त्या अवयवाचे डॉक्टर. तोंड आणि घशासाठी कान-नाक-घसा किंवा हेड-नेक सर्जन, छातीसाठी चेस्ट फिजिशियन, स्तनासाठी सर्जन, पाळी बंद झाल्यावर रक्त गेलं तर स्त्रीरोगतज्ज्ञ, लघवीतून रक्त गेलं तर युरोलॉजिस्ट. यातले बहुतेक विभाग कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात एकाच आवारात भेटतात. खासगीत जायचं असेल तर ठाणे आणि नवी मुंबईत पर्याय भरपूर आहेत.

परळचं टाटा मेमोरियल आणि खारघरचं ॲक्ट्रेक ही एकाच टाटा मेमोरियल सेंटरची केंद्रं. आपल्या आजाराची ओपीडी खारघरला मिळेल की परळलाच जावं लागेल, हे निघण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर किंवा फोनवर विचारून घ्या. ठाण्याहून खारघरला ट्रान्सहार्बरची पनवेल गाडी थेट जाते. ठाण्याहून परळला जायचं तर स्लो लोकल. फास्ट गाडी परळला थांबत नाही, दादरला उतरावं लागतं. नवी मुंबईकरांना हार्बरने शिवडीला उतरून बस किंवा टॅक्सी करता येते. नोंदणीच्या वेळी सर्वसाधारण की प्रायव्हेट वर्ग हे विचारतात. हा पैशाचा निर्णय आहे, रांगेत उभं राहून घेऊ नका. घरून ठरवून जा.

## टप्पा ४: स्कॅन करताना

प्रत्येक स्कॅनच्या वेळी काउंटरवर दोन गोष्टी मागा: फिल्म आणि सीडी. हल्ली काही सेंटर्स फक्त मोबाइलवर लिंक पाठवतात आणि काही काळाने ती उघडत नाही. पुढच्या हॉस्पिटलमधले रेडिओलॉजिस्ट मूळ चित्रं बघतात. आपल्या रिपोर्टच्या कागदावर ते निर्णय घेत नाहीत, आणि घेऊही नये.

कॉन्ट्रास्टचा (इंजेक्शन देऊन केलेला) सीटी असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट लागतो. मेटफॉर्मिन चालू असेल तर आणि किडनीचा त्रास असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. टेबलावर झोपल्यावर सांगून उपयोग नाही. परत पाठवतात आणि एक दिवस फुकट जातो.

मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर 'बायरॅड्स' असा आकडा असतो. ० म्हणजे माहिती अपुरी, आणखी चित्रं हवीत. १ आणि २ म्हणजे काळजीचं काही नाही. ३ म्हणजे बहुधा साधी, कॅन्सर निघण्याची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, पण साधारण सहा महिन्यांनी पुन्हा बघायची. ४ आणि ५ ला तुकडा तपासायलाच हवा. ६ म्हणजे कॅन्सर आधीच सिद्ध झालेला आहे. इथे नेमकी उलटी गडबड होते: ३ वाली बाई रात्र-रात्र झोपत नाही आणि ४ वाली 'चारच तर आहे, पाच नाही' म्हणून लेकीच्या परीक्षा होईपर्यंत थांबते. चारचा आवाका फार मोठा असतो, २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत. म्हणून त्यात थांबायचं नसतं.

सावध: 'कॅन्सर मार्कर पॅकेज' (कॅन्सरच्या खुणा शोधणाऱ्या रक्ततपासण्यांचा गठ्ठा) घेऊ नका. माझ्या मते या काळातला हा सगळ्यात वाया जाणारा पैसा आहे. सीए-१२५ पोटाच्या टीबीत वाढतो, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतो, पाळी चालू असतानाही वाढू शकतो. सिगारेट ओढणाऱ्याचा सीईए थोडा चढलेला असू शकतो. लघवीच्या इन्फेक्शनने किंवा नळी घातल्याने पीएसए वाढतो. मार्कर नॉर्मल आला म्हणून कॅन्सर नाही असंही नसतं. डॉक्टरांनी विशिष्ट कारणाने लिहिलेला मार्कर ठीक. स्वतःच्या मनाने केलेला नको.

पेट-सीटीचंही तसंच. 'एकदाच सगळं शरीर बघून टाकू' म्हणून लोक आधी तिथे धावतात. या स्कॅनवर टीबीची गाठही चमकते आणि साधी सूजही. बहुतेक वेळा त्याची जागा निदानानंतर आहे, आजार कुठवर गेला ते बघायला. डॉक्टरांनी सांगितलाच तर काही तास उपाशी राहावं लागतं आणि साखर आटोक्यात लागते, साधारण २०० च्या खाली. मधुमेह असेल तर सकाळच्या गोळ्या-इन्सुलिनचं काय करायचं ते सेंटरला आधी विचारा.

## टप्पा ५: बायोप्सी

काही थोडे आजार सोडले तर कॅन्सरचं निदान तुकडा किंवा पेशी मायक्रोस्कोपखाली बघूनच पक्कं होतं. स्कॅनवर होत नाही, रक्तावर होत नाही, आणि 'बघूनच सांगतो' म्हणणाऱ्यावर तर मुळीच नाही. 'सुई लावली की पसरतो' ही भीती घराघरात आहे. नेहमीच्या गाठींमध्ये नीट केलेल्या बायोप्सीने आजार पसरण्याचा धोका नगण्य असतो. तपासणी टाळून गेलेल्या महिन्यांचा धोका खराखुरा असतो. काही ठिकाणी सुई कुठून घालायची किंवा घालायची की नाही, याचे नियम मात्र आहेत. अंडाशयाच्या आणि वृषणाच्या गाठीला सर्रास सुई लावत नाहीत. म्हणून हा निर्णय तज्ज्ञाचा.

आधी विचारायचे प्रश्न

"एफएनएसी की ट्रूकट?" एफएनएसीत बारीक सुईने नुसत्या पेशी येतात. ट्रूकटमध्ये जाड सुईने मांसाचा बारीक तुकडा येतो. थायरॉइडच्या गाठीला पहिली पायरी म्हणून एफएनएसी योग्य. स्तनाच्या गाठीला ट्रूकट बरी. तुकडा असला की कॅन्सर कोणत्या जातीचा, त्याच्या पेशींवर कोणते रिसेप्टर (उपचार ठरवायला लागणाऱ्या खुणा) हेही त्याच नमुन्यावर बघता येतं. लिम्फोमाचा (लसीकाग्रंथींच्या कॅन्सरचा) संशय असेल तर पेशी पुरत नाहीत, बऱ्याचदा पूर्ण गाठ काढून तपासावी लागते. एफएनएसीचा रिपोर्ट 'अपुरा' आला आणि पुन्हा एफएनएसीच लिहून दिली, तर "यावेळी तुकडाच घेतला तर?" असं विचारायला संकोच कसला.

"तुकडा न तपासता गाठ काढून टाकायची आहे का?" उत्तर 'हो' असेल तर थांबा आणि दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. 'छोटीशी तर आहे, भूल देऊन काढून टाकू' म्हणून काढलेली स्तनाची गाठ कॅन्सरची निघाली की काढलेल्या भागाच्या कडा कॅन्सरमुक्त आहेत का, काखेतल्या गाठींचं काय, हे सगळं नव्याने सुरू होतं आणि बऱ्याचदा दुसरं ऑपरेशन करावं लागतं. हातापायाच्या मांसातली किंवा हाडातली गाठ असेल तर आणखी जपा. तिथे बायोप्सीची जागाच पुढच्या ऑपरेशनच्या छेदात यावी लागते, म्हणून जिथे ऑपरेशन होणार तिथेच बायोप्सी करा. घराजवळची सोय इथे बघायची नाही.

"रक्त पातळ करायच्या गोळीचं काय?" मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर ती गोळी अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं. बायोप्सी करणारे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर यांनी मिळून ठरवायचं. तुम्ही फक्त दोघांची गाठ घालून द्या.

बायोप्सीच्या दिवशी: नमुना कशात जातोय

लहान नर्सिंग होममध्ये नमुना लॅबला न्यायचं काम अनेकदा नातेवाइकाकडे येतं. पॅथॉलॉजीचा तुकडा १० टक्के फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) जायला हवा, आणि ते भरपूर हवं, तुकड्याच्या साधारण दहापट. सलाइनमध्ये किंवा नुसत्या ओल्या गॉझमध्ये तासन् तास राहिलेला तुकडा खराब होतो. डबीवर नाव, वय, कुठल्या बाजूचा आणि कुठल्या जागेचा तुकडा, तारीख, हे सगळं लिहिलेलं असावं. झाकणावर नको, डबीच्या अंगावर; झाकणं बदलतात. सोबतच्या फॉर्मवर डॉक्टरांनी स्कॅनमध्ये काय दिसलं ते लिहिलंय का बघा. 'गाठ, तपासणीसाठी' एवढ्या माहितीवर पॅथॉलॉजिस्टला अंधारात चाचपडावं लागतं.

टीबी की कॅन्सर? हा प्रश्न आपल्याकडे इतका नेहमीचा आहे की त्याच्यासाठी वेगळा परिच्छेद हवाच. मानेतली गाठ, छातीतलं पाणी, पोटातलं पाणी, फुप्फुसातला डाग, पाठीच्या मणक्यातली झीज: यातल्या प्रत्येकात दोन्हीचा संशय येतो. अशा वेळी नमुन्याचे दोन भाग लागतात. एक फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीसाठी, दुसरा निर्जंतुक डबीत फॉर्मलिनशिवाय, जीनएक्सपर्ट आणि कल्चर या टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासण्यांसाठी. सगळाच तुकडा फॉर्मलिनमध्ये गेला तर कल्चर होतच नाही, कारण जंतू मरतात, आणि पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते. म्हणून बायोप्सीच्या आदल्या दिवशीच विचारा: "टीबीसाठी वेगळा नमुना पाठवणार आहात का?"

सावध: तुकडा न घेता 'एकेटी सुरू करून बघू' असा सल्ला मिळाला तर विचारा: किती आठवड्यांत फरक दिसला पाहिजे, आणि नाही दिसला तर कोणत्या तारखेला बायोप्सी. तारीख लिहून घ्या. फुप्फुसाच्या कॅन्सरवर टीबीच्या गोळ्या खात गेलेले महिने परत मिळत नाहीत. लिम्फोमाचा संशय असताना बायोप्सीआधी स्टेरॉइड घेतलं, तर गाठ तात्पुरती विरघळून निदानच धूसर होतं. ताप-सुजेवर कुणी स्टेरॉइड लिहून दिलं तर बायोप्सी व्हायची आहे हे आधी सांगा.

तपासा, निघण्याआधी: लॅबचं नाव आणि पावती नंबर, रिपोर्टची तारीख, आणि तो रिपोर्ट दाखवायची अपॉइंटमेंट. साधा पॅथॉलॉजी रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. 'आयएचसी करावी लागेल' असा निरोप आला तर आणखी काही. आयएचसी म्हणजे वाईट बातमी, असं समजू नका. नुसत्या रंगावर जात ओळखता आली नाही म्हणून पॅथॉलॉजिस्ट आणखी रंग लावून बघतात, एवढंच.

## टप्पा ६: रिपोर्ट वाचताना

आधी वरच्या ओळी. नाव, वय, कोणती बाजू, कोणती जागा. डाव्याचा तुकडा आणि उजव्याचा रिपोर्ट असला तर पुढचं काहीच वाचू नका, लॅबला फोन करा.

मग शेवटचा निष्कर्ष. त्यातले काही शब्द नीट ओळखा:

'इनॲडिक्वेट' किंवा 'नॉन-डायग्नोस्टिक' म्हणजे नमुना पुरला नाही. हे 'काही नाही' असं उत्तर नव्हे. उत्तरच आलेलं नाही.

'एटिपिकल' म्हणजे पेशी नेहमीसारख्या नाहीत, पण कॅन्सर म्हणण्याइतक्याही नाहीत. थायरॉइडच्या एफएनएसीत बेथेस्डाची (थायरॉइडच्या रिपोर्टच्या वर्गवारीची) तिसरी पायरी अशीच असते. पुढे काय करायचं हे तिथे स्कॅनकडे बघून ठरतं.

'सस्पिशियस फॉर' म्हणजे दाट संशय. 'सजेस्टिव्ह ऑफ' आणि 'कन्सिस्टंट विथ' यांतला फरक डॉक्टरांकडूनच समजून घ्या. गूगलवर शोधलंत तर रात्रभर वाचाल आणि सकाळी काही हाती नसेल.

'नो इव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी' यात एक अट दडलेली आहे: बघितलेल्या तुकड्यात. शितावरून भाताची परीक्षा करायची सवय इथे फसवते. सुई गाठीच्या शेजारून गेली असेल तर तुकडा निरोगीच येणार. म्हणून स्तनाच्या गाठीत डॉक्टरांचा हात, स्कॅन आणि बायोप्सी हे तिन्ही एकच सांगतायत का, हे बघतात. दोन 'संशय' म्हणतायत आणि एकच 'ठीक', तर बायोप्सी पुन्हा करायची असते. हा प्रश्न मोठ्याने विचारा: "स्कॅनमध्ये जे दिसलं, त्याचं कारण या रिपोर्टमध्ये सापडलं का?" उत्तर गुळमुळीत असेल तर काम संपलेलं नाही. पेढे नंतर.

## टप्पा ७: दुसरं मत, आणि ब्लॉक

दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांवर अविश्वास नाही. चांगले डॉक्टर स्वतःच 'दाखवून या' म्हणतात. पण दुसरं मत म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांना तोच कागद दाखवणं, असं लोकांना वाटतं. खरं दुसरं मत स्लाइडचं असतं.

तुमच्या तुकड्याचं लॅबमध्ये काय होतं ते माहीत असू द्या. तो मेणात बसवून ब्लॉक करतात, त्या ब्लॉकचे अतिपातळ काप काचेवर घेतात, त्या स्लाइड. काचेवरचा काप एकदाच; ब्लॉकमधून मात्र पुन्हा काप काढता येतात, आयएचसी आणि पुढच्या जनुकीय तपासण्या त्यावरच होतात. म्हणून ब्लॉक हा सगळ्या फाइलमधला सगळ्यात मौल्यवान ऐवज. टाटासारखी मोठी केंद्रं बाहेरच्या रिपोर्टवर थेट उपचार सुरू करत नाहीत. स्लाइड आणि ब्लॉक मागवून त्यांचे पॅथॉलॉजिस्ट स्वतः बघतात.

क्रम असा:

१. लॅबला आदल्या दिवशी फोन करा. स्लाइड आणि ब्लॉक लगेच हातात मिळत नाहीत. शोधून काढायला वेळ लागतो. रुग्णाची सही असलेला अर्ज आणि ओळखपत्र बरोबर ठेवा.

२. मिळाल्यावर तिथेच जुळवा: स्लाइडवरचा नंबर, ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा लॅब नंबर एकच हवा. किती स्लाइड, किती ब्लॉक, हे पावतीवर लिहून घ्या.

३. स्लाइड प्लास्टिकच्या डबीतच न्या. कागदात गुंडाळून खिशात ठेवलेल्या काचा लोकलच्या गर्दीत टिकत नाहीत. ब्लॉक उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका. ते मेण आहे.

४. नव्या हॉस्पिटलमध्ये जमा केल्याची पावती घ्या. काम झाल्यावर ब्लॉक परत मागा.

कागद द्यायला कुणी टाळाटाळ केली तर अर्ज लेखी द्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत, मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला त्याचं रेकॉर्ड द्यावं असं आहे. आवाज न चढवता हे एकदा सांगितलं की बहुतेकदा काम होतं.

दोन मतं जुळली नाहीत तर तिसऱ्या, चौथ्या डॉक्टरांकडे फिरत राहू नका. पहिल्या पॅथॉलॉजिस्टचा रिपोर्ट दुसऱ्यांना दाखवा आणि मतभेद नेमका कशावर आहे ते विचारा. कधी तो नावाचाच असतो आणि उपचार तेच राहतात. खरोखर वेगळा असेल तर केस ट्यूमर बोर्डापुढे ठेवता येईल का, हे विचारा. तिथे सर्जन, केमोचे, रेडिएशनचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून बघतात.

## टप्पा ८: पैशाचे कागद

थोडक्यात. मेडिक्लेम असेल तर पॉलिसीत 'प्री-हॉस्पिटलायझेशन' किती दिवसांचं आहे ते आज बघा. बऱ्याच पॉलिसींत ३० किंवा ६० दिवस असतं. पुढे त्याच आजारासाठी भरती व्हावं लागलं तर त्याआधीच्या तपासण्यांचा खर्च मागता येतो, पण मूळ बिल आणि डॉक्टरांची तपासणी लिहून दिलेली चिठ्ठी दोन्ही असतील तरच. संशय आल्यावर ती गोष्ट लपवून नवी पॉलिसी काढू नका. क्लेम नाकारला जातो आणि तेव्हा धावपळ करायला ताकद नसते.

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, तेही योजनेतल्या रुग्णालयातच. निदानाआधीच्या ओपीडी तपासण्या बहुतेकदा आपल्याच खिशातून कराव्या लागतात, त्यामुळे थोडी रक्कम हाताशी ठेवा. मंजुरीसाठी बायोप्सीचा रिपोर्ट, रेशन कार्ड आणि आधार लागतं. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) निदान होण्याआधीच भेटा. दुसरीकडे पैसे भरून उपचार सुरू केल्यावर 'आता योजनेत घ्या' म्हटलं की गुंता होतो.

## टप्पा ९: रिपोर्ट आल्यानंतरची तारीख

कॅन्सर पक्का झाला तर त्याच भेटीत उपचाराची तारीख घ्यायची घाई करू नका, पण ही उत्तरं मात्र घेऊन या: नेमकी जात कोणती, आजाराची स्टेज ठरवायला आणखी कोणती तपासणी बाकी आहे, सगळं ट्यूमर बोर्डापुढे जाणार का, आणि उपचार साधारण किती दिवसांत सुरू व्हायला हवेत. मूल हवं असेल तर ते याच भेटीत सांगा. केमो सुरू झाल्यावर तो विषय काढला तर उशीर झालेला असतो. तोंड-घशाचं रेडिएशन होणार असेल तर दातांचं काम आधी करून घ्यायचं असतं.

कॅन्सर नाही असं ठरलं तर फाइल माळ्यावर टाकू नका. मग आहे काय, याचं उत्तर घ्या. टीबी निघाला तर सरकारी केंद्रात नोंदणी करून औषधं मोफत मिळतात आणि कोर्स अर्धवट सोडायचा नसतो.

आणि 'सहा महिन्यांनी पुन्हा बघू' असं सांगितलं असेल तर ती तारीख फोनमध्ये टाका, दोन आठवडे आधीच्या आठवणीसकट. जमलं तर त्याच सेंटरला जा, जुनी सीडी बरोबर न्या आणि काउंटरवरच सांगा की जुन्याशी तुलना करून रिपोर्ट हवा आहे. त्या आठवड्यात घरात लग्न असलं तरी तपासणी आधी उरकून घ्या.